मेंदूतील गाठ : जपानी कुटुंबांचा अनुभव

मेंदूत गाठ आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : यावर औषध आहे ना? जपानमधील कुटुंबांना या प्रश्नाचे उत्तर कसकसे मिळत गेले, हे आपल्या बेटावरील मराठी घरांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

पूर्वी जपानमध्ये कॅन्सरचे निदान रोग्याला न सांगता नातेवाइकांना सांगण्याची रीत होती. सम्राट हिरोहितो ७ जानेवारी १९८९ रोजी निवर्तले. त्यांना कॅन्सर होता हे अधिकृतपणे मृत्यूनंतरच जाहीर झाले. रोग्याचे मन खचू नये, हा हेतू चांगलाच होता. पण औषध कशाचे चालले आहे हे पत्नीने किंवा मुलाने मनात दडवून ठेवायचे आणि वर हसतमुख राहायचे, हे ओझे फार जड. १९९७ साली वैद्यकीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि रोग्याला नीट समजावून सांगण्याचा प्रयत्न डॉक्टरांनी करावा असे ठरले. हळूहळू रीत बदलली.

औषधेही बदलली. आधी जपानमध्येच तयार झालेले निमुस्टिन शिरेतून देत. पुढे टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल आल्या. अमेरिकेत त्यांना १९९९ साली परवानगी मिळाली. जपानमध्ये २००६ उजाडले. दुसऱ्या देशात औषध आहे आणि आपल्याकडे नाही, हे सात वर्षे सोसणे म्हणजे काय, ते ज्याच्या घरी रोगी आहे त्यालाच कळेल. त्याच २००६ साली संसदसदस्य ताकाशी यामामोतो यांनी सभागृहात स्वतःला कॅन्सर असल्याचे सांगितले आणि कॅन्सरविषयीचा कायदा संमत झाला. धोरण ठरवणाऱ्या समितीवर रोगी व कुटुंबीय यांना जागा मिळाली.

या औषधाने काय साधते? ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत घातक गाठीच्या रोग्यांवरील २००५ सालच्या मोठ्या पाहणीत, नुसत्या किरणोपचाराने १०.४ टक्के रोगी दोन वर्षे जगले. जोडीला औषध दिल्यावर २६.५ टक्के. लाभ खरा आहे, पण ही रोगमुक्ती नव्हे.

कॅप्सूल घरी घ्यायची असल्याने अर्धी शुश्रूषा घरच्यांकडे येते. किरणोपचार चालू असताना ती रोज, नंतर दर २८ दिवसांतून पाच दिवस, तीही उपाशीपोटी. मळमळीची गोळी आधी द्यायची. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स घटतात, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही आणि ताप आला तर तत्काळ डॉक्टरांना कळवायचे. मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने भूक वाढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. शांत स्वभावाचे वडील ताटावरून रागावले, तर तो औषधाचा किंवा गाठीचा परिणाम असू शकतो. हे आधी ठाऊक असले की मने दुखावत नाहीत.

जून २०२१ मध्ये जपानने आणखी एक पाऊल टाकले. टोकियो विद्यापीठाचे डॉ. तोमोकी तोदो यांनी नागिणीच्या जातीच्या एका विषाणूत तीन बदल करून तो गाठीतच टोचण्याचा उपचार सिद्ध केला. त्याला सशर्त व मुदतीची परवानगी मिळाली. मूळ पाहणी अवघ्या १९ रोग्यांची होती; वर्षानंतर त्यांतील ८४ टक्के हयात होते. एका मात्रेची किंमत सुमारे १४ लाख येन ठरली. परंतु जपानमध्ये १९६१ पासून सर्वांना आरोग्यविमा आहे आणि १९७३ पासून मोठ्या वैद्यकीय खर्चाला मासिक मर्यादा आहे. म्हणून विम्यात बसणाऱ्या औषधासाठी घर विकावे लागत नाही.

आपल्याकडील काही कुटुंबे अशा उपचारांसाठी भारतात जातात. जाण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : या औषधाने किती काळाची आशा धरावी? त्रास कोणता? परत आल्यावर रक्त कोठे तपासायचे, औषध कोठे मिळेल? आणि ज्याच्यासाठी हे सारे करायचे त्यालाही, त्याची इच्छा असेल तर, विश्वासात घ्यावे. औषधाने जे महिने मिळतात ते त्याचे आहेत. ते कसे घालवायचे हे ठरवण्याचा पहिला हक्कही त्याचाच.