पाटी आणि गप्पा

शनिवार म्हणजे आमच्या काष्टीत जनावरांचा बाजार. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, शिंगं रंगवली, झूल घातली की बैल खपला. सासरे हसले. म्हणाले, ''अगं, गिऱ्हाईक आधी मालकाशी बोलत बसतं. कुठला, कामाला कसा, मारका आहे का. मग दात बघतं.''

मैत्रिणींनो, हे आठवलं ते फार उशिरा. आम्ही तिघी जावा मिळून कुरडया, शेवया, काळा मसाला करतो. मी भिशीचे सगळे पैसे घालून वेबसाइट करून घेतली. फोटो, दर, अन्न परवान्याचा नंबर, सगळं देखणं. सहा महिन्यांत ऑर्डरी चार, त्यातली एक नणंदेची! घरात कुणी बोललं नाही, तेच जास्त लागलं.

धाकटी मात्र रोज मोबाइलवर काहीबाही लिहायची. गहू तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं. आज ढगाळ आहे, कुरडया घातल्या नाहीत. बायका विचारू लागल्या, आमच्या कुरडया काळपट का पडतात? ही सगळं सांगायची. मी चिडले, ''गुपित फोडलंस, आता घेणार कोण?'' घेतल्या त्यांनीच. एवढा खटाटोप कळल्यावर करायला वेळ कुणाला आहे!

मग पुण्याहून पंचवीस किलोंची विचारणा आली. त्या बाईंना गप्पा नको होत्या. दर, परवाना, पत्ता एका जागी हवा होता. तिथं माझी वेबसाइट कामी आली. धाकटीच्या लिहिण्यात मागच्या महिन्याचा दर कोण हुडकणार?

तशी ही रीत जुनीच. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यानं १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढलं. शंकरराव किर्लोस्कर संपादक. कारखान्याचं ते पत्र वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि १९३० मध्ये 'स्त्री'ही निघालं. आपल्या आज्या ते वाचत होत्या, नांगर घ्यायचा नसला तरी!

आता दर बदलणं, परवान्याची मुदत बघणं माझ्याकडे. लिहिणं धाकटीकडे. काल तिनं मला न विचारता लिहून टाकलं, 'आज थोरल्या ताईंच्या हातून चीक करपला.' सकाळपासून तीन फोन आले. तिन्ही करपलेल्या चिकाबद्दल, आणि एकीनं जाता जाता दोन किलो सांगितल्या.