न्यायाधीश निवडायचे कुणी?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६पर्यंत न्यायाधीश कोण होणार, हे लॉर्ड चान्सलर हा मंत्रीच ठरवत असे. तेही ज्येष्ठ न्यायाधीश आणि वकिलांकडे गुपचूप चौकशी करून. माणसं वाईट निवडली जात होती असं नाही, पण ज्याचं नाव त्या वर्तुळात पोहोचलंच नाही, त्याला दाद मागायची सोय नव्हती. २००५च्या घटनात्मक सुधारणा कायद्याने ही निवड पंधरा सदस्यांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिली. आता जागांची जाहिरात निघते, अर्ज येतात, चाचण्या होतात. काही पदांसाठी उमेदवाराला लुटुपुटीच्या खटल्यात बसवून तो पक्षकारांना कसं हाताळतो तेही पाहतात. सर्वांत मोलाची तरतूद मात्र शेवटी आहे: उच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी आयोग एकच नाव सुचवतो आणि मंत्र्याला ते नाकारायचं असेल, तर लेखी कारणं द्यावी लागतात.

लोकांनी निवडलेल्या सरकारचे हात असे बांधायचे का? सरकारविरुद्धचे दावे याच न्यायाधीशांपुढे येणार असतील, तर बांधायलाच हवेत. उलट आक्षेप अधिक गंभीर आहे: आयोगातले न्यायाधीश आपल्यासारख्यांनाच निवडतील. म्हणूनच तिथे आयोगाचा अध्यक्ष कायदाक्षेत्राबाहेरचा असावा लागतो. आपल्याकडे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळात, म्हणजे कॉलेजियममध्ये, अशी बाहेरची व्यक्ती नाही. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजियमच्या जागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग रद्द केला; त्यात कायदामंत्री सदस्य होते आणि कोणतेही दोन सदस्य शिफारस रोखू शकत होते, त्यामुळे न्यायालयाची धास्ती रास्तच होती. पण म्हणून बंद दाराआडची निवड योग्य ठरते, हे मला पटत नाही. जाहिरात, अर्ज आणि लेखी कारणं यांसाठी मंत्र्याला आत घ्यावं लागत नाही.