अस्सल कागदांची साक्ष

२ सप्टेंबर १६६६ ची पहाट. लंडन शहरात सॅम्युअल पीप्स या आरमारी कचेरीतील अधिकाऱ्याला मोलकरणीने जागे केले आणि खिडकीतून दिसणारी आग दाखविली. आग दूर आहे असे वाटून पीप्स पुन्हा झोपी गेला! त्याच आगीने पुढील चार दिवसांत सुमारे १३,००० घरे आणि ८७ चर्चे भस्मसात केली.

ही हकीकत इतकी बारकाईने कळते, कारण पीप्सने ती त्याच दिवसांत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. आग जवळ आली तेव्हा बागेत खड्डा खणून त्याने मद्य आणि आवडते चीज पुरले, हेही त्याने प्रांजळपणे नोंदविले आहे. घडलेली गोष्ट त्याच काळी, पाहणाऱ्याने लिहून ठेवली, तर त्या लेखाला इतिहासाचे अस्सल साधन म्हणतात. रोजनिशी, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, राजाज्ञा ही सर्व अशीच साधने होत.

परंतु जुना म्हणून प्रत्येक मजकूर खरा मानावा काय? आगीनंतर परकीयांविषयी अफवा उठल्या. रॉबर्ट ह्यूबर्ट या फ्रेंच घड्याळजीने आपणच आग लावल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी त्याला फाशी देण्यात आले. पुढे त्याच्या जहाजाच्या कप्तानाच्या साक्षीवरून असे निष्पन्न झाले की, आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनला उतरला होता! तरीही १६८१ मध्ये आगीच्या स्मारकस्तंभावर, हे कृत्य कॅथलिक पंथीयांचे होते, असा लेख कोरण्यात आला. तो कायमचा पुसला जाण्यास १८३० साल उजाडावे लागले. दगडात कोरले म्हणून असत्याचे सत्य होत नाही.

म्हणूनच खरा अभ्यासक एकाच साधनावर विसंबत नाही. पीप्सची रोजनिशी, जॉन एव्हलिनची रोजनिशी आणि त्या वेळचे 'लंडन गॅझेट' तो शेजारी शेजारी ठेवतो. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की केवळ ऐकले? तसे लिहिण्यात त्याचा काही हेतू होता काय? असे प्रश्न तो प्रत्येक कागदाला विचारतो.

पीप्सने आपली रोजनिशी लघुलिपीत लिहिली होती. तिचे मूळ खंड केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत. ती उलगडून १८२५ मध्ये प्रथम छापण्यात आली. आता तिचा मजकूर इंटरनेटवर कोणालाही घरबसल्या वाचता येतो. त्या काळातील जीवन पोशाखांसह हुबेहूब साकारू पाहणाऱ्या हौशी मंडळींना तिच्यातून तेव्हाचे कपडे, जेवण आणि रीतिरिवाज समजतात.

कागद आज सर्वांच्या हाती आले आहेत. त्यांची पारख करणारी दृष्टी मात्र ज्याची त्यानेच कमवावयाची असते. ती नसेल, तर एखाद्या निरपराध्याला पुन्हा दोषी ठरविण्यास वेळ लागत नाही.