काटा, आरसा आणि संपादक

प्रयोगशाळेतील अ‍ॅमीटर तुम्ही हाताळला असेल. चांगल्या अ‍ॅमीटरमध्ये काट्याखाली आरशाची एक पट्टी बसवलेली असते. ती कशासाठी? डोळा काट्याच्या बरोबर वर नसला, तर वाचन चुकते. डावीकडून पाहणाऱ्याला काटा किंचित उजवीकडे दिसतो, उजवीकडून पाहणाऱ्याला डावीकडे. हा पराशय-दोष होय. पाहणारा खोटे बोलत नसतो. त्याची जागा चुकलेली असते. काट्याचे प्रतिबिंब काट्याआड लपेल असा डोळा धरला, की दोष नाहीसा होतो.

ज्ञानकोशात लिहिणाऱ्यालाही असा दोष जडतो. ज्या विषयात आपला पैसा, नोकरी किंवा नाते गुंतले आहे, त्याच विषयावर लिहिताना काटा आपल्या बाजूला सरकलेला दिसू लागतो. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तेव्हा संपादक कोण हे वाचकाला ठाऊक होते. मराठी विश्वकोशातही नोंदीखाली लेखकाचे नाव असते. विकिपीडियाचे तसे नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही, टोपणनावानेसुद्धा, लिहू शकतो. मग येथे आरसा कोठे आहे?

आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घेऊ. वेरूळला ३४ लेणी आहेत. कोणी चुकून ४३ लिहिले असेल, तर संदर्भ देऊन तुम्ही खुशाल दुरुस्त करा. आपल्या गावाविषयी जिव्हाळा असणे हा काही दोष नव्हे. परंतु समजा, एखाद्या हॉटेलमालकाने स्वतःच्याच हॉटेलावर स्तुतिपर लेख लिहिला आणि तक्रारींचा उल्लेख पुसून टाकला, तर? त्याने आपले नाते उघड सांगावे, बदल चर्चापानावर सुचवावा आणि निर्णय इतरांवर सोडावा, हाच सरळ मार्ग. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने मोबदला कोणाकडून मिळतो हे जाहीर केलेच पाहिजे, असा नियम विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०१४ च्या जूनमध्ये केला.

नियम मोडला तर केवढे नुकसान होते? एकेकाळी पुणे-मुंबईसह अनेक शहरांत शाखा असलेल्या आय.आय.पी.एम. या व्यवस्थापन संस्थेचे प्रकरण पाहा. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला आपल्या अभ्यासक्रमांसाठी ‘एम.बी.ए.’, ‘बी.बी.ए.’ असे शब्द वापरण्यास मनाई केली. इकडे इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकपद मिळवलेले एक खाते या संस्थेविषयीच्या लेखांतील टीका काढून टाकत असल्याचा आक्षेप होता. लवाद समितीने जुन्या संपादनांची छाननी केली आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्या खात्यावर बंदी घातली. प्रवेश घेण्यापूर्वी तो लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याची फी आणि आयुष्यातील दोन-तीन वर्षे पणाला लागलेली होती!

कधी एकच माणूस अनेक नावांनी खाती उघडतो आणि स्वतःच स्वतःला दुजोरा देतो. हात एक, बाहुल्या अनेक! २०१५ च्या ऑगस्टअखेर इंग्रजी विकिपीडियाने पैसे घेऊन लिहिणाऱ्या एका टोळीची ३८१ खाती एकदम रोखली. अशा खात्यांच्या लिहिण्याच्या वेळा, भाषेच्या लकबी आणि संगणकाचे जाळ्यावरील पत्ते जुळवून पाहिले जातात. खाते रोखणे ही मुळात शिक्षा नव्हे. विद्युतमंडलात दोष आला की फ्यूज वितळतो, तो घर वाचवण्यासाठी. तसेच हे आहे. ज्याचे खाते रोखले, त्याला आपली बाजू मांडून पुनर्विचार मागता येतो.

आता आरसा कोठे आहे ते तुमच्या ध्यानात आले असेल. प्रत्येक लेखाच्या वर ‘इतिहास’ अशी कळ असते. ती दाबली, की कोणत्या खात्याने कोणत्या दिवशी काय घातले, काय पुसले, ते सारे दिसते. आपल्या शहरावरचा लेख उघडून हा प्रयोग आजच करून पाहा. एखादे खाते एकाच संस्थेविषयी, नेहमी गोडच लिहिते काय? टीका कोणी पुसली? संदर्भ दिला होता काय? वहीत तक्ता करा आणि मगच त्या लेखावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.