फर्मवेअर, मुक्त

संगणकास वीज मिळताच सर्वप्रथम कार्यान्वित होऊन स्मृती, कळफलक, पडदा इ. भाग सिद्ध करणाऱ्या व नंतर नियंत्रण परिचालन प्रणालीकडे सोपविणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ती मुख्य मंडलावरील एका लहान चिपमध्ये साठविलेली असते. बहुतेक संगणकांत तिची मूळ संहिता उत्पादक गुप्त ठेवतात. तिच्याऐवजी जिची संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते, ती आज्ञावली म्हणजे मुक्त फर्मवेअर. विंडोज काढून लिनक्स किंवा सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली बसविली, तरी हा खालचा थर पूर्वीचाच राहतो.

अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी १९९९ मध्ये ‘लिनक्सबायॉस’ प्रकल्प सुरू केला. २००८ मध्ये त्यास ‘कोअरबूट’ हे नाव मिळाले. गूगलच्या क्रोमबुक संगणकांतही तो वापरतात. ‘लिब्रबूट’ (२०१३) त्यावरच आधारलेला आहे.

हा बदल मुख्यतः जुन्या लॅपटॉपांवर होतो, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. इंटेलच्या २००६ नंतरच्या मंडलांत ‘मॅनेजमेंट इंजिन’ हा स्वतंत्र लघुप्रक्रियक आला. मालकाला न कळता तो काय करतो, हे तपासता येत नाही, हा त्यावरील मुख्य आक्षेप होय. थिंकपॅड एक्स २०० (२००८) मधून त्याची आज्ञावली पूर्णपणे काढता येते. एक्स २३० (२०१२) मधून ती समूळ काढल्यास यंत्र सुमारे ३० मिनिटांत बंद पडते. म्हणून तिचा बराचसा भाग छाटून गाभा ठेवावा लागतो. २०१३ नंतरच्या अनेक यंत्रांत उत्पादकाच्या सहीविना फर्मवेअर चालूच होत नाही. तेथे विकत घेणाऱ्याचा यंत्रावरील अधिकार अपुराच राहतो.

प्रथम बदलासाठी बहुधा लॅपटॉप उघडून, बॅटरी व विजेची जोडणी काढून, चिपच्या पायांवर चिमटा बसवितात आणि बाह्य प्रोग्रामरद्वारे ‘फ्लॅशरॉम’ने लेखन करतात. आधी मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का, हे पाहणे व एक प्रत अन्यत्र जपणे अत्यावश्यक आहे. या चिप सामान्यतः ३·३ व्होल्टच्या असतात. बाजारातील काही स्वस्त प्रोग्रामर संकेतवाहिन्यांवर ५ व्होल्ट देतात, त्यामुळे चिप बिघडू शकते. बाह्य लेखन मध्येच थांबले, तर ते पुन्हा करता येते. परंतु त्याच यंत्रावरून होणारे पुढील लेखन अपुरे राहिल्यास यंत्र सुरूच होत नाही. भोकर, उदगीर अशा गावी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने भरलेली बॅटरी लावल्याविना ते करू नये.

उत्पादकाने सुधारणा देणे थांबविल्यानंतरही असे यंत्र अद्ययावत ठेवता येते. लेनोव्होच्या जुन्या फर्मवेअरमधील, ठराविक वायफाय कार्डेच स्वीकारणारा निर्बंधही नाहीसा होतो. मात्र केवळ वेगासाठी हा खटाटोप व्यर्थ आहे. त्यासाठी स्मृती वाढविणे बरे. शिवाय कळफलक व बॅटरी सांभाळणाऱ्या नियंत्रकाचे फर्मवेअर वेगळे असते. एक्स २३० मध्ये परक्या बनावटीची बॅटरी तोच नाकारतो, आणि कोअरबूट बसविल्याने त्यात फरक पडत नाही.