दीक्षेच्या साक्षीदारांचा आवाज जपू या : रेकॉर्डिंगची प्राथमिक ओळख

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आईबापांसोबत धम्मदीक्षा घेणारे दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या घरात आहे. आपला बराच इतिहास कागदावर नाही, तो या आजी-आजोबांच्या तोंडी आहे. ही पिढी झपाट्याने कमी होत आहे.

आवाज जपल्याने काय साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्यांतल्या अनेक ओव्या टेपवर घेतल्या गेल्या, म्हणूनच त्या बायांचा सूर आज ऐकता येतो.

आता रेकॉर्डर प्रत्येकाच्या खिशात आहे. यवतमाळ जिल्ह्यात तरुणांसोबत काम करताना आम्ही एकच सूत्र सांगतो : मूळ रेकॉर्डिंग एकदाच आणि चांगले करा, मग माध्यमानुसार त्याच्या प्रती काढा.

जागा : रिकाम्या विहारात, सिमेंटच्या भिंतींमुळे आवाज घुमतो. सतरंज्या, गोधड्या असलेली घरातली खोली बरी. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ धरा.

अंतर : मोबाइल किंवा माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा. अंतर वाढले की बोलण्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते.

पातळी : मोठ्याने बोलतानाही आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावी. ती लाल रंगात गेली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. इअरफोन लावून एक मिनिटाची चाचणी आधीच ऐका.

फाइल : मूळ प्रत वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी ठेवा. तासाला सुमारे ३४५ एमबी जागा लागते. एमपी३ करताना जे गळते ते परत येत नाही.

यानंतर माध्यमांचा विचार. व्हॉट्सअॅपसाठी तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग काढा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पॉडकास्टला लांबी चालते, पण सगळ्या भागांचा आवाज सारखा हवा. साधारण उणे १६ एलयूएफएस हे माप ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावता येते. रेडिओचा श्रोता मागे जाऊन ऐकू शकत नाही, म्हणून बोलणाऱ्याचे नाव-गाव मधूनमधून सांगावे लागते. जयंतीच्या भोंग्यावर खर्ज नीट उमटत नाही, तेव्हा बोलण्याखाली संगीत घालू नका, शब्द बुडतात.

रेकॉर्डिंगपूर्वी परवानगी घ्या आणि ते कुठे ऐकवले जाईल हे समजावून सांगा. जातीच्या छळाच्या आठवणींत गावातल्या लोकांची नावे येतात. कोणता भाग बाहेर जाऊ द्यायचा, हे आजीच ठरवेल. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात व्यक्ती, गाव आणि तारीख हवीच.

वर्षावासात ही मंडळी ग्रंथवाचनासाठी रोज विहारात येतात. तेव्हाच त्यांच्याशी बोलून दिवस ठरवा, मात्र रेकॉर्डिंग पाऊस नसताना करा. टिनाच्या पत्र्यावरचा पाऊस कोणत्याही सॉफ्टवेअरने पुसला जात नाही. प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी एवढे मनावर घेतले, तरी पुढच्या पिढीला दीक्षेची गोष्ट साक्षीदारांच्याच तोंडून ऐकता येईल.