तोरणातला मेक्सिकन पाहुणा

शरद ऋतूची सजावट शोधायला मोबाइल उघडला की लालभडक मेपलची पानं आणि केशरी भोपळे समोर येतात. मुळशीत ते जमायचं नाही. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात ताम्हिणीचे डोंगर अजून हिरवेच असतात, आणि पिवळं काय ते खाचरातलं भात न् उतारावरची सोनकी. सोनकी मात्र फुलदाणीसाठी तोडू नका. ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, आणि फोटोत ती काही कोमेजत नाही.

खरी श्रीमंती खाचरात आहे. भाताच्या लोंब्यांचं तोरण करायचं तर दांडे लांब ठेवून कापा आणि भात पुरतं वाळायच्या आत कापा, नाहीतर विणताना दाणे घरभर. दांडे सुकलेच असतील तर पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, मग मोडत नाहीत. गंमत अशी, की तुमच्या दारावर बहुधा इंद्रायणी लटकत असेल. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राची ही जात १९८७ सालची. आई-बाप कोण? आंबेमोहर-१५७ आणि फिलिपिन्सहून आलेला आयआर-८! म्हणजे तोरण अस्सल मावळी, पण आजोळ परदेशी. कोकणात याच दिवसांत लोंब्या, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल एकत्र करून ‘नवं’ बांधतात. कुरडू वाळल्यावरही रंग धरून ठेवतो, तेव्हा शेताच्या बांधावर दिसला तर जरूर घ्या.

आकाशकंदिलाचा सांगाडा मुळशीत बांबूचाच हवा. बांबू हे झाड नव्हे, गवत. कायद्याला हे पटायला २०१७ उजाडलं. तोवर वनकायद्यात बांबू झाडातच मोडायचा आणि स्वतःच्या रानातला तोडून न्यायलाही परवान्याचं लचांड असायचं. आता बेटातला एक बांबू घ्या, कामट्या काढा, दोऱ्यानं घट्ट बांधा, घोटीव कागद खळीनं चिकटवा. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या कंदिलापेक्षा तो थोडा वाकडा होईल. होऊ द्या.

आपट्याचं सोनं लुटताना दरवर्षी बिचाऱ्या कांचनाचा बळी जातो. ओळख सोपी आहे: आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं चांगलं मोठं. फांद्या ओरबाडू नका, पूजेला एक पान पुरे. घटाशेजारचं धान फिकट पिवळं का उगवतं, हेही सांगून टाकतो: कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून हरितद्रव्य तयारच होत नाही. तोच पिवळा तुरा दसऱ्याला टोपीत मिरवतो.

पोरांचा किल्ला? सगळे रायगड करतात. मुळशीकरांनी कोरीगड करावा. वर सपाट माथा, भोवती अखंड तटबंदी, दोन तळी (घरातल्या दोन वाट्या पुरतात) आणि कोराईदेवीचं देऊळ. हा गड इंग्रजांनी १८१८ साली घेतला; तुमच्या अंगणात तो पुन्हा मराठ्यांचा. उतारावर हळीव पेरा. भिजल्यावर त्याच्या बीवर बुळबुळीत थर येतो, म्हणून ते उभ्या मातीलाही चिकटून राहतं आणि चार-पाच दिवसांत गडावर रान माजतं.

आणि झेंडू. त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही, पण गडी मूळचा मेक्सिकोचा! तिकडेही नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला पितरांच्या वेदीवर झेंडूच्याच राशी घालतात. आपण दारावर बांधतो, ते वाट दाखवायला पसरतात. दिवाळी सरली की लोंब्या चिमण्यांना टांगून ठेवा. गावठी झेंडूची सुकलेली फुलं मात्र टाकू नका; पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या काड्यांसारखं बी असतं. ते कागदात बांधून ठेवा आणि पहिला पाऊस झाला की पेरा.